हाक मारून जायची वाट

माझी नात कायदा शिकते. गेल्या मे महिन्यात घरी आली तेव्हा तिने मला कृती-संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांच्याकडे वही घेऊन नुसतं जायचं नाही, त्यांनाच शोध घ्यायला लावायचं, आपण त्यांच्याबरोबर शिकायचं, आणि शिकता शिकताच तो अन्याय हटवायला हात घालायचा. मी समोर बसून आंबा चोखत होतो. शब्द मला आवडला. हाच शब्द पन्नासच्या दशकात कोणी माझ्या कानावर घातला असता, तर माझे सहा महिने आणि काकीचा एक गुडघा वाचला असता, असं मी तिला म्हणालो. काकी कोण, असं तिने विचारलं. मला रागच आला. आपल्या घरात काकी कोण हे ठाऊक नसलेली माणसं आता जन्माला आली आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

काकी आमच्या आचऱ्याच्या घरी मागच्या दाराने मासे घेऊन यायची. ती कोणाचीच काकी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. आईचं आणि तिचं बांगड्याच्या आकारावरून रोज वाजायचं, आणि रोज ती मागच्या पायरीवर बसून चहा पिऊन जायची. मला ती खूश असली की झिला, म्हणजे पोरा, म्हणायची आणि चिडली की वकीलानू. मी वकील व्हायच्या आधीपासून म्हणायची, कारण लहानपणी मी फार वाद घालायचो.

सनद घेऊन मी मालवणात बसलो त्याला वर्ष होत आलं होतं. बाजारातल्या एका दुकानावर माझी खोली होती. पक्षकार फारसे नव्हते, पण टेबल मोठं होतं. एका सकाळी काकी जिना चढून वर आली. डोक्यावर माशांची पाटी नसलेली काकी मी पहिल्यांदाच पाहत होतो. खुर्चीवर न बसता ती दाराशी जमिनीवर बसली, पाय लांब केला आणि गुडघा चोळत म्हणाली, "झिला, वाट बंद केल्यानी. तार मारल्यानी."

काकीची वाडी तोंडवलीच्या बाजूला, वाळूवर. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, मासे पाटीत भरून बायका किनाऱ्यालगतच्या माडाच्या बागेतून वर यायच्या आणि आचऱ्याच्या रस्त्याला लागायच्या. ही बाग एका घरची, आणि मालकांचं घर बागेच्या मधोमध. पायवाट त्यांच्या परड्याच्या, म्हणजे परसाच्या, कडेने जायची. काकीची सासू त्याच वाटेने जायची, सासूची सासूही. आता मालकांनी वाटेच्या तोंडाला काटेरी तार ओढली होती. बायकांना खाडीच्या वळणाने, चिखलातून, पाऊण तास जास्त चालून रस्ता गाठावा लागत होता.

"माझ्या ढोपराक खाडयेची वाट झेपाची नाय," काकी म्हणाली. "आणि बांगडो तवसर मऊ पडता. मऊ बांगड्याक तुझी आवस पण हात लावची नाय."

काकीचा नवरा समुद्रात बुडून गेलेला, मुलगा दुसऱ्याच्या होडीवर. घर चालायचं ते तिच्या आणि सुनेच्या पाटीवर. ती वाट गेली असती तर काकीचं मासे विकणंच संपलं असतं, आणि तिला ते बंद करून घरात बसायला सांगणं म्हणजे माशाला झाडावर चढायला सांगणं होतं.

मला तर हर्षच झाला. पुस्तकात होता तसा दावा! वीस वर्षांहून जास्त काळ, उघडपणे, कोणी न अडवता, हक्काने एखादी वाट वापरली तर वहिवाटीचा हक्क मिळतो. मी किनाऱ्यावर गेलो, एका उपड्या होडीवर ऐटीत बसलो आणि बायकांना एकेक करून समोर बोलावलं. किती वर्षं जाता? कोणी अडवलं का? माझी वही भरली. नकाशासुद्धा मी होडीवर बसूनच काढला. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार होता, पण तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला. काकी आणि आणखी तिघी सगळ्या वाडीच्या वतीने उभ्या राहिल्या, आणि दावा दाखल झाला.

काकीच्या साक्षीच्या दिवशी मी नवा काळा कोट घातला होता. काकीने धुवट लुगडं नेसलं होतं आणि कोर्टात बोलायचं म्हणून ती जपून शुद्ध मराठी बोलत होती. माझे प्रश्न झकास झाले. मग समोरचे वकील उठले. ज्यांच्या ऑफिसात मी उमेदवारी केली, तेच हे गृहस्थ. मला अर्जाची घडी घालायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

"बाई, बागेतून जाताना तुम्ही मालकांच्या घराला हाक मारत होता?" त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"मारत होतो म्हणजे? रोज मारतो. हाक न मारता लोकांच्या परड्यातून कोण जाईल? आम्ही काय चोर आहोत?"

"आणि मासे?"

"पहिल्या पाटीतले दोन पायरीवर ठेवतो. माझी सासू ठेवायची, मीपण ठेवते."

"घरातून नको जाऊ म्हणाले असते तर?"

"वयनी तशा कित्याक म्हणतीत?" मालकीणबाईंचा विषय निघताच काकीची शुद्ध मराठी संपली. वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. तिने जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "घरात बाळंतीण असली, कोणी आजारी असला, तर थांबतोच की."

समोरचे वकील खाली बसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो त्यांचा चांगुलपणा होता. विचारून जाता म्हणजे परवानगीने जाता, आणि परवानगीने वापरलेली वाट शंभर वर्षं वापरली तरी हक्काची होत नाही. देणारा ती उद्या काढून घेऊ शकतो. पिढ्यानपिढ्यांच्या सभ्यपणाने बायकांनी आपलाच दावा बुडवला होता. उद्धटपणे, मान वर करून गेल्या असत्या तर जिंकल्या असत्या.

दुसऱ्या सकाळी मी तावातावाने किनाऱ्यावर गेलो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरचे अजूनही सांगतील. हे आधी का सांगितलं नाही, म्हणून मी चार बायकांसमोर काकीवर ओरडलो. ती जाळं शिवत होती. तिने सुई थांबवली नाही.

"तुमी माका काय इचारल्यात, वकीलानू? किती वर्सां जातास? मी सांगलंय. कोणी अडवल्यान काय? नाय म्हणान सांगलंय. कशे जातास ह्यां तुमी इचारूक नाय. त्या वाटेर एकदा तरी पाय ठेवल्यात?"

मी ठेवला नव्हता. मला खूप लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी ओरडतो, म्हणून तसाच परत फिरलो. पण संध्याकाळी आईने मला जेवायला वाढताना विचारलं, "तिच्या ढोपराला तेल पाठवू का?"

त्यानंतर कोर्टाच्या तारखा नसतील त्या दिवशी मी बायकांबरोबर चालायला लागलो. पहिल्याच दिवशी खाडीच्या वळणावर काकीचा गुडघा अडकला, म्हणून तिची पाटी मी डोक्यावर घेतली. दहा पावलांत मासळीचं पाणी डोळ्यांत गेलं. "वकीलानू, पाटी डोक्यार घेवची, कपाळार नाय," ती म्हणाली, आणि सगळ्या बायका चिखलात उभ्या राहून हसल्या. मीही हसलो. तिथून आमचं बरं जमलं.

चालताना मला दिसायला लागलं की हाक सगळीकडे होती. विहिरीच्या वाटेवर हाक, खळ्यावर पाय ठेवण्याआधी हाक, कुंपण नसलेल्या घरालाही हाक. मी लगेच वही काढली. वही काढली की बायका मला हवी असलेली उत्तरं द्यायच्या. एकीने तर आपण हाक कधीच मारत नाही असं सांगितलं, आणि सांगता सांगता बांधावरून कोणाला तरी हाक मारली.

शेवटी काकी म्हणाली, "वही ठेय खाली. इचारूचा कसा तां आमका येता. आमी इचारतंव, तू आयक."

मग त्यांनी जे केलं ते मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. लिहिता-वाचता कोणाला येत नव्हतं, पण जाळ्याच्या दोऱ्याला गाठ मारता येत नाही अशी बाई त्या वाडीत नव्हती. प्रत्येकीने हातभर दोरा कमरेला खोचला. मासे विकायला जिथे जिथे जाणं होईल, आचरा असो की मिठबाव, तिथल्या जुन्या बायकांना विचारायचं: ही हाक कशासाठी? जिथे आपण हाक मारून आत जातो त्या घरासाठी एक सरळ गाठ. हे काकीने ठरवलं. उलटी गाठ कशासाठी हे मात्र तिच्या सुनेने ठरवलं, कोणालाही न विचारता.

आठ-दहा दिवसांनी सगळ्या वाळूवर गोल बसल्या आणि दोरे मांडीवर पसरले. सुनेच्या दोऱ्यावर निम्म्या गाठी उलट्या होत्या.

"ह्यो उलट्यो कित्याक गो?" काकीने विचारलं.

"ते लोक आपल्याकडे येताना हाक मारतत, त्यांच्यो," सून म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांना एकदमच बोलायचं होतं. खरंच, वरचे लोक गणपती बोळवायला किंवा मयत घेऊन किनाऱ्यावर येतात, तेव्हा आमची जाळी पसरलेली असली तर काठाशी थांबतात, वहाणा काढतात, येतंव म्हणतात. वाळू काही आमच्या नावावर नाही. आम्ही कोण परवानगी देणार? पण कोणी हाक न मारता जाळ्यातून जात नाही. मालकांच्या घराच्या नावाने सुनेच्या दोऱ्याला दोन गाठी होत्या, एक सरळ, एक उलटी, शेजारी शेजारी.

मी तो दोरा हातात घेतला आणि मला, खोटं कशाला सांगू, रडू आलं. काकी म्हणाली, "ह्येका काय झालां?" पुस्तकं वाचून मला जे सापडलं नव्हतं ते एका विशीतल्या सुनेने जाळ्याच्या दोऱ्यात शोधून काढलं होतं. हाक म्हणजे परवानगी मागणं नव्हे. दोन्हीकडून चालत आलेली ती रीत होती. आणि कायद्यात रूढीने मिळणारा हक्क म्हणून एक वेगळंच कलम आहे, ते मी परीक्षेपुरतं पाठ करून विसरलो होतो.

मी दाव्यात दुरुस्तीचा अर्ज दिला. समोरचे वकील मला कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. पण सांगणार कोण? तुझ्याच पक्षकार बायका ना?" त्यांचंही बरोबर होतं, स्वतःच्या फायद्याची साक्ष कोण खरी मानणार? दोऱ्याच्या गाठी काही कोर्टात वाचून दाखवता येत नाहीत. मी हे काकीला सांगितलं. ती म्हणाली, "साहेबाक हय आणा."

मुन्सफ साहेब घाटावरचे, बदलून नुकतेच आलेले. जागेच्या पाहणीचा माझा अर्ज त्यांनी मान्य केला, बहुतेक समुद्र बघायच्या निमित्ताने. ठरल्या सकाळी मी आधी किनाऱ्यावर पोचलो तर बागेच्या तोंडापासून पाण्यापर्यंत वाळूवर जाळीच जाळी. जायला बोटभर जागा नव्हती.

"काकी, आज रापण नाही. मग ही जाळी?"

"सुकत घातलंव."

"पण ती सुकीच आहेत."

"आणखी सुकतली," काकी म्हणाली आणि सुई ओवायला लागली. मला तेव्हाही कळलं नाही. कायदा शिकलेल्या माणसाला काही गोष्टी उशिराच कळतात.

तार सोडवून मंडळी बागेतून आली. पुढे मालक, आपली हद्द हातवारे करून दाखवत. मागे साहेब बूट घालून, त्यांच्या मागे दोघे वकील आणि कारकून. मालक घुश्शातच होते. पाणी कुठपर्यंत येतं ते साहेबांना दाखवायला ते तरातरा निघाले आणि जाळ्याच्या काठाशी एकदम थांबले. वाकून वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि हाक मारली, "येतंव गो!"

काकीने मान वर केली नाही. "येवा," म्हणाली. सुनेने उठून जाळ्याची कड गोळा करून पायापुरती वाट केली.

साहेब बुटांकडे आणि जाळ्याकडे बघत काठाशीच उभे होते. "ही जागा या बायकांची आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. सरकारी आहे," मालक म्हणाले.

"मग तुम्ही परवानगी कोणाची घेतलीत?"

"परवानगी कसली, साहेब? रीत आहे ती. दुसऱ्याच्या कामाच्या जागेत हाक न मारता पाय कसा ठेवायचा?"

बोलून झालं आणि ते तिथेच उभे राहिले, दोन्ही वहाणा हातात धरून. माझे गुरू, म्हणजे समोरचे वकील, दोनदा खोकले. काकी खाली बघून जाळं शिवत होती, पण तिची सुई एकाच भोकातून तीनदा गेली. साहेबांनी बूट काढले. मोजे काढले. मग कारकुनाकडून कागद घेऊन काहीतरी लिहिलं आणि अनवाणी पाण्यापर्यंत जाऊन आले.

परत निघताना मालक मागे रेंगाळले. मला म्हणाले, "एक खरं सांग. कूळकायदा आलाय. जमीन वापरणाऱ्याच्या नावावर जाते म्हणतात. माझा मुंबईचा मुलगा लिहितो, वाटा बंद करा. या बायकांच्या नावावर माझी बाग जाईल काय?"

मी थक्क झालो. चालल्याने कोणी कूळ होत नाही, त्यासाठी जमीन कसावी लागते, हे मी त्यांना पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण जसं काकीला विचारलं नव्हतं, तसं यांनाही मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांच्या वकिलानेही विचारलं नव्हतं. हा माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता, आणि आम्ही सगळे सहा महिने कागद लिहीत होतो. आम्ही दोघे होडीवर बसलो आणि मी त्यांना कायदा समजावला. त्यांनी तीन वेळा तेच विचारलं, मी तीन वेळा तेच सांगितलं, न चिडता. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

पुढच्या तारखेला तडजोड झाली. बाग मालकांची, आणि वाट रूढीने बायकांची, कायमची. हुकूमनाम्यात तसं लिहिलं गेलं. तारेच्या जागी बांबूचं बेडं लागलं, ढकललं की उघडणारं.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम गेलो. काकीने बेडं उघडलं, चार पावलं गेली आणि परड्याशी थांबून हाक मारली, "वयनी, जातंव गो." आतून उत्तर आलं, "जावा गो." पाटी उतरवून तिने दोन बांगडे पायरीवर ठेवले.

"काकी, आता गरज नाही," मी म्हणालो. "आता हक्क आहे. कागद आहे."

"कागद तुझ्याकडे ऱ्हवांदे, झिला. वयनी घरात आसत."

मी परत येईपर्यंत बडबडत होतो. एवढं करून ही बाई पुन्हा हाक मारते म्हणजे काय! पालथ्या घड्यावर पाणी. आई ऐकत होती. ती म्हणाली, "तुझ्या कोर्टाने वाट दिली, हाक बंद करायला नाही सांगितलं." बोलून ती काकीने पाठवलेले बांगडे साफ करायला लागली.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी, साठच्या दशकात, मालक गेले. मुंबईचे मुलगे आले. सकाळी आम्ही मालकांना तिरडीवरून त्याच वाटेने किनाऱ्यावर आणलं. खांदेकऱ्यांत मी होतो. त्या दिवशी जाळी खरंच ओली होती, पाण्यापर्यंत पसरलेली. आम्ही काठाशी पोचलो आणि पुढचे दोघे जुने खांदेकरी आपोआप थांबले. थोरल्या मुलाला कळेना का थांबलो. घरच्या कर्त्याने हाक मारायची असते, आणि तो कर्ता आमच्या खांद्यावर होता. मुलांना रीत ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, पण मी त्या घरचा नव्हतो. हाक मारायला कोणी उरलं नव्हतं. तिरडी जड होत चालली.

काकी जाळ्यापाशी बसली होती. तिचा गुडघा तोवर पुरता गेला होता. सून धरून उठवायची तेव्हा ती उठायची. सुनेच्या खांद्यावर हात टाकून ती उठली. वाकली, आणि जाळ्याची कड स्वतःच्या हाताने गोळा करत मागे मागे सरकत गेली, पाण्यापर्यंत. मग तिरडीकडे तोंड करून ती उभी राहिली.

"येवा, मालकानू," ती म्हणाली. "आयकलंय."